शांत मुक्काम

“पोट साफ झालं का?”

प्रश्न नवऱ्याला होता. पण तो ऐकून समोरच्या खोलीची खिडकी उघडली, गच्चीवर कपडे वाळत घालणारी सून जागच्या जागी थिजली, आणि रस्त्यापलीकडच्या न्हाव्याने गिऱ्हाइकाच्या गालावरचा वस्तरा उचलून आधी हसून घेतलं.

“काय?” अंगणात पत्रा कापत बसलेल्या नवऱ्याने उजवा कान पुढे केला.

“पोट, पोट! काल ते औषध घेतलंत ना? झालं का साफ?”

“झालं,” तो म्हणाला. जन्मभर पत्रा ठोकलेला हा माणूस, पण बोलणं अगदी खालच्या पट्टीतलं. बाहेरच्याला वाटावं की बहिरी बायको आहे, नवरा नव्हे.

खिडकीत शहरातून आलेली पाहुणी उभी होती. कपाळावर हात, डोळे अर्धे मिटलेले. “अहो मावशी,” ती म्हणाली, “आम्ही शांततेसाठी आलोय हो इथे.”

“मग राहा की शांत. तुम्हाला कोण बोलायला सांगतंय?”

खिडकी बंद झाली. आणि तिथूनच सगळं सुरू झालं.

गावात तिला भोंगा म्हणत. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण तिला ठाऊक होतं आणि तिला त्याचं फारसं वाईटही वाटत नसे. भोंग्यावरच तर घर उभं राहिलं होतं. नवरा पत्र्याच्या पेट्या करायचा: कपड्यांच्या, धान्याच्या, शाळेत न्यायच्या लहान पेट्या. त्याने ठोकायच्या आणि तिने विकायच्या, अशी लग्न झाल्यापासूनची वाटणी. हातगाडीवर पेट्यांची चळत रचून ती शहरात जायची आणि गल्लीच्या तोंडाशी उभी राहून एकच हाक द्यायची, “पेट्याऽऽ!” तिसऱ्या मजल्यावरच्या बाया जिन्यात यायच्या. गाडी रिकामी करूनच ती परतायची. तिच्या घशाला कधी सर्दीसुद्धा झाली नाही. नवरा म्हणायचा, “हिचा आवाज म्हणजे जस्ताचा पत्रा. गंजायचा नाही.”

त्याचे कान मात्र गंजले. पत्र्यावर पत्रा ठोकून आधी डावा गेला, मग उजवा अर्ध्याहून अधिक गेला. शहरातल्या डॉक्टरने तपासून सांगितलं होतं, की नस मेलीय, यंत्र लावलंत तर नुसता खडखडाट ऐकू येईल. उजव्या कानात थोडंसं उरलंय, ते टिकेल तोवर टिकेल. त्या थोड्याशा कानात जगातला एकच आवाज शिरायचा आणि तो हिचा. मुलगा बोलला तर ओठ हललेले दिसत, न्हावी ओरडला तरी गुणगुण ऐकू येई. ही बोलली की शब्द न् शब्द पोहोचायचा. बाजारभाव, कुणाची सून रुसून माहेरी गेली, कुणाची म्हैस व्याली, आज भाजीत मीठ जास्त पडलंय ते मुकाट्याने खा, हे सगळं ती त्याला दिवसभर सांगत असे. गावाला फुकटात बातम्या मिळत. नवरा-बायकोचं भांडणही जाहीर आणि समेटही जाहीर. एकदा तिने रात्री त्याला “जरा सरका तिकडे” म्हटलं, तर सकाळी न्हाव्याने त्याला विचारलं होतं, “सरकलात का?”

आता त्या घराची पुढची बाजू मुलाने पाहुण्यांना दिली होती. मुलगा वाईट नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. शहरात एका दुकानात उभं राहून राहून त्याचे पाय सुजायचे. मग त्याच्या डोक्यात ही कल्पना आली. शहरातली माणसं गर्दीला आणि गोंगाटाला विटलीत, त्यांना दोन दिवस गावात राहायचंय. आपल्याला दोन खोल्या आहेत, अंगण आहे, मागे ओढा आहे. त्याने खोल्यांना पांढरा रंग दिला, खिडक्यांना जाड पडदे लावले. फाटकावर लावायला पाटी हवी होती ती बापानेच पत्र्यातून कापून दिली, कडा घासून गुळगुळीत केल्या. तिच्यावर लिहिलं: ‘शांत मुक्काम. शहरापासून हाकेच्या अंतरावर.’

पाहुणे आले, आणि येतच राहिले. पहिल्या दिवशी सगळ्यांचा एकच उद्गार असे, “काय शांत आहे हो!” ते अंगणात डोळे मिटून उभे राहत. एकजण तर चक्क रडला होता. ती आधी कौतुकाने बघायची, मग तिला राग यायला लागला. शांत आहे, म्हणे! कशाने शांत आहे, ते एकानेही विचारलं नव्हतं. शाळा बंद पडली म्हणून शांत आहे. पोरंबाळं शहरात गेली म्हणून शांत आहे. सुतार मेला, लाकडाची वखार उठली, पिठाची गिरणी गंजली म्हणून शांत आहे. घर ओस पडलं की शांतच असतं. त्याचं कौतुक करायला लांबून कशाला यायचं?

पण हे ती कुणाला बोलली नव्हती. बोलली असती तरी नवऱ्यालाच बोलली असती, आणि मग ते पाहुण्यांनाही ऐकू गेलं असतं.

त्या पोटाच्या प्रकरणानंतर मुलगा तिच्यासमोर येऊन बसला. चेहऱ्यावर बारा वाजलेले. मागे दाराला टेकून सून उभी.

“आई, एक सांगू? रागावणार नाहीस ना?”

“रागावण्यासारखं असेल तर रागावेन. आधीच कसं सांगू?”

“त्या बाई आज संध्याकाळीच निघून चालल्यात. वर सगळ्या जगाला सांगणार, की इथे आरडाओरडा असतो.” त्याने मान खाली घातली. “तू बाबांशी जरा हळू बोलत जा ना. पाहुणे असतील तेव्हा.”

“हळू बोलले तर त्यांना ऐकू येत नाही.”

“मग खुणा कर. नाहीतर पाटीवर लिही.”

“पाटीवर? या वयात पाटी घेऊन नवऱ्यापुढे बसू? शाळेत घालतोयस का मला?”

“अगं, मग ओढ्यावर जा दोघं. संध्याकाळी फिरायला म्हणून जायचं, तिथे काय हवं ते बोलायचं. तिथे कोण ऐकतंय?”

तळपायाची आग तिच्या मस्तकात गेली. “माझ्या नवऱ्याशी बोलायला मी ओढ्यावर जाऊ? चोर आहे का मी? हे घर कशावर उभं राहिलंय रे? तुझ्या पडद्यांवर? माझ्या घशावर आणि त्यांच्या हातोड्यावर उभं राहिलंय. आणि आता त्याच घरात मी तोंडावर बोट ठेवून बसू?”

“बाबांनी ठोकायचं बंद केलंच ना?” मुलगा म्हणाला. “एका शब्दाने बोलले नाहीत.”

ते खरं होतं. सुरुवातीलाच मुलाने तिच्या तोंडून बापाला सांगितलं होतं, की पाहुण्यांना ठोकाठोकीचा त्रास होतो. तिने ते त्याच्या कानात ओरडून पोहोचवलं होतं. त्याने हातातली पत्रा ठोकायची लाकडी मोगरी बाजूला ठेवली, म्हणाला, “पोराचं भलं होत असेल तर होऊ दे.” तेव्हापासून तो फक्त कापायचा, घासायचा, रंग द्यायचा. मोगरीला फडकं गुंडाळून ठेवलं होतं.

मग सून पुढे आली. ती सहसा बोलत नसे आणि म्हणूनच तिचं बोलणं टाळता येत नसे. “आई, बाबांना मात्र यातलं काही सांगू नका. आपल्या कानांपायी पाहुणे निघून जातात असं कळलं, तर त्यांच्या मनाला लागेल.”

इथे ती अडली. मागे एकदा बँकेत शिपाई त्याच्या नावाने ओरडत राहिला, याला ऐकू गेलं नाही, रांगेतली माणसं हसली. त्यानंतर तो बँकेची पायरी चढला नव्हता. आपल्यामुळे कुणाचं अडतंय असं नुसतं वाटलं, तरी हा माणूस कोपऱ्यात जाऊन बसेल, जेवणसुद्धा मागणार नाही, हे तिच्याइतकं कोण जाणत होतं?

“बरं,” ती म्हणाली. “नाही सांगत. आणि बोलतही नाही. हाकेच्या अंतरावर राहायचं आणि हाक मारायची नाही. चालू दे तुमचं.”

ठरलं तसं झालं. पण बोलल्याशिवाय राहील ती भोंगा कसली! ताट वाढताना, कपडे घडी करताना तिचं तोंड चालूच राही, फक्त आवाज घशातच मरे. ओठ हलत, हात हलत, भुवया चढत. आजूबाजूला ऐकायला कुणी असतं तर त्यालाही पुटपुटण्यापलीकडे काही कळलं नसतं. सुरुवातीला नवऱ्याने दोन-तीनदा कान पुढे केला, “काय?” तिने खिडकीच्या पडद्याकडे पाहिलं आणि हात झटकला, काही नाही म्हणून. पुढे पुढे त्याने कान पुढे करणंच सोडलं. ती बोलायला लागली की तो तिच्या ओठांकडे बघायचा आणि ओठ थांबले की म्हणायचा, “हो.”

भाजी कुठली करू? “हो.” दुधवाला आला नाही. “हो.” तुमच्या या होहोला जाळायचंय का मला? “हो.”

तिला वाटलं, रुसलाय. तिला त्याचा राग आला. आपण त्याच्यासाठी तोंड दाबून बुक्क्यांचा मार खातोय, आणि हा वर फुगून बसतोय!

आधी पाहुणे शनिवार-रविवारी यायचे. मग सुट्ट्यांत यायला लागले, मग मांडीवर संगणक घेऊन आठवडाच्या आठवडा मुक्कामाला. कधीमधी दोन्ही खोल्या रिकाम्या असत. अशा दिवशी सून मुद्दाम येऊन सांगे, “आई, आज कुणी नाही. आज बोला बाबांशी मनसोक्त.”

“मी काय रेडिओ आहे?” ती फणकारायची. “तुम्ही बटण दाबलंत की वाजायचं, आणि पिळलंत की गप्प? नाही बोलायचं मला.”

आणि खरंच बोलायची नाही. पडद्यापलीकडे कुणी नसतानाही तशीच पुटपुटायची. त्या रिकाम्या दिवसांतला एक जरी दिवस तिने हट्ट सोडून हाक मारली असती तर? पण राग आला की ती स्वतःचंही ऐकत नसे, दुसऱ्याचं तर सोडाच.

एका शुक्रवारी संध्याकाळी शहरातल्या इस्पितळातली एक नर्स आली. एकटीच. डोळ्यांखाली काळं, खांदे पडलेले. पिशवी खाली ठेवायच्या आधीच तिने विचारलं, “इथे आवाज होत नाही ना? माझ्या वॉर्डात रात्रंदिवस यंत्रं पीं पीं करतात. घरी गेले तरी कानात तेच. मला फक्त झोपायचंय.”

“झोपा,” ती म्हणाली आणि न मागता आणखी एक उशी आणून दिली. या बाईवर तिला रागावता आलं नाही. सगळेच काही चोचले करायला येत नसत, हे तिलाही दिसत होतं. नर्सने दार लावलं आणि ती जेवायलाही उठली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुण्यांसाठी साबण आणायला ती बाहेर पडली, तर न्हावी दुकानाच्या पायरीवर बसला होता. गिऱ्हाईक नव्हतं. रेडिओही बंद होता, कारण मुलाने येऊन हात जोडून त्यालाही विनंती केली होती.

“वहिनी, एक विचारू? रागावू नका.”

“हल्ली जो तो हेच म्हणून सुरुवात करतो. विचारा.”

“परत दाखवलंत का त्यांना डॉक्टरकडे?”

“कशाला?”

न्हावी चपापला. टॉवेल झटकून त्याने उगाचच खांद्यावर टाकला. “म्हणजे तुम्हाला सांगितलंच नाही अजून. मला शपथ घातली होती हो. पण आता तुमच्याशी लपवून तरी काय करू?”

“आडवळणं घेऊ नका. काय झालंय?”

“परवा दाढी करताना म्हणाले, आता पार गेलं. हिचाही आवाज येत नाही.” न्हाव्याने आवाज खाली आणला. त्यालाही आता तीच सवय लागली होती. “बरेच दिवस झाले म्हणाले. ती बोलते, ओठ दिसतात, पण आवाजच पोहोचत नाही. मी आपला हो म्हणतो. तिला सांगू नकोस म्हणाले. आपलं बोलणं फुकट जातंय असं तिला कळलं तर ती बोलायची थांबेल.”

“आणखी?”

“आणखी काही नाही. डोळे मिटून बसले. मी दाढी पुरी केली.”

ती चक्क हसली. रस्त्याच्या मधोमध, साबणाची पिशवी हातात धरून, मोठ्याने हसली. इतक्या महिन्यांनी तिचा खरा आवाज बाहेर पडला तो असा.

“अहो, त्यांचे कान नाही गेले!” ती म्हणाली. “मीच बोलत नव्हते! मीच मेली पुटपुटत होते, पोराच्या त्या पाहुण्यांसाठी! आणि हा येडा माणूस समजतोय की आपले कान गेले!”

ती घराकडे निघाली. निघाली कसली, धावलीच. हसू दोन पावलांत विरलं आणि त्याच्या जागी संताप आला. सगळ्यांचा संताप. मुलाचा, त्याच्या पडद्यांचा, सुनेच्या शहाणपणाचा, कपाळाला हात लावून उभ्या असलेल्या त्या पाहुणीचा. आणि या माणसाचा. आपण बहिरे झालो असं समजून हा महिनोन् महिने एकटाच बसून राहिला, आणि का, तर बायकोचं बोलणं थांबू नये म्हणून. अरे, बायकोने तोंड तरी उघडलं होतं का? हो म्हणत होता कशाला, तर तिच्या नुसत्या ओठांना!

फाटक तिने असं ढकललं की पाटी खडखडली. सून धावत आली. “आई, हळू. त्या ताई झोपल्यात.”

“झोपू दे नाहीतर उठू दे.”

“आई!” मुलगाही दारात आला. “काय झालं?”

नवरा अंगणाच्या टोकाला, मोठ्या जुन्या पेटीवर पाठमोरा बसला होता. मांडीवर पत्र्याचं डब्याचं झाकण, त्याच्या कडा तो कानशीने घासत होता. तिने छातीभर श्वास घेतला आणि तोंड उघडलं. पहिला आवाज घोगरा, फाटका आला, बंद खोलीचं दार उघडावं तसा. तिने खाकरून घसा मोकळा केला. मग दिली ती हातगाडीवरची हाक, गल्लीच्या तोंडाशी द्यायची ती, तिसऱ्या मजल्यापर्यंत जाणारी.

“पेट्याऽऽऽ!”

छपरावरची कबुतरं उडाली. कुठलं तरी कुत्रं भुंकायला लागलं. रस्त्यापलीकडे न्हावी उठून उभा राहिला.

नवऱ्याची कानस वर गेली, खाली आली.

ती अंगणाच्या मध्यापर्यंत गेली. “अहो! ऐकताय ना? मी बोलतेय!”

कानस वर गेली, खाली आली.

मग ती त्याच्या अगदी मागे गेली, वाकली, आणि उजव्या कानाला तोंड लावून ओरडली. काय ओरडली ते तिला नंतर आठवलं नाही. घशाच्या शिरा तटतटल्या, डोळ्यांत पाणी आलं. कानाला गरम वाफ लागली तेव्हा तो दचकून वळला. तिचा चेहरा पाहून हसला. तिच्या ओठांकडे पाहिलं. ओठ थांबायची वाट पाहिली.

“हो,” तो म्हणाला.

समोरच्या खोलीचं दार उघडलं होतं. नर्स अनवाणी बाहेर आली होती, केस विस्कटलेले, गालावर उशीची घडी उमटलेली. मुलगा घाईघाईने तिच्याकडे वळला, “सॉरी हं ताई, आईचं जरा...” पण ती त्याच्याकडे न बघता थेट अंगणात गेली. म्हाताऱ्याच्या मागे उभी राहून तिने जोरात टाळी वाजवली. पुन्हा वाजवली, उजव्या कानाशी. मग तिने आईकडे पाहिलं.

“कधीपासून ऐकू येत नाही यांना?”

तिने उजव्या कानाशी चुटकीही वाजवून पाहिली.

“म्हणजे अचानक गेलं, की हळूहळू? शेवटचं ऐकू आलं ते कधी?”

मुलाने सुनेकडे पाहिलं. सुनेने जमिनीकडे. न्हावी फाटकाशी येऊन थांबला होता, त्यालाही काही सांगता येईना. कोण सांगणार? नवऱ्याला आपले कान गेले असं पहिल्यांदा वाटलं, तेव्हा ते गेले नव्हते. नंतर कधीतरी खरोखरच गेले. पाहुणे असताना गेले, की रिकाम्या दिवसांत ती हट्टाने पुटपुटत होती तेव्हा गेले, कुणालाच कळलं नाही, कारण तेवढ्या दिवसांत त्याला कुणी हाकच मारली नव्हती.

“आई,” मुलगा पुटपुटला, “आम्हाला काय माहीत...”

“तुम्हाला काय माहीत!” ती त्याच्यावर उलटली. आता तिच्या आवाजाला कसलाच आडपडदा राहिला नव्हता. “कानात थोडंसंच उरलं होतं रे त्यांच्या! टिकेल तोवर टिकेल म्हणाले होते डॉक्टर, तूच होतास ना बरोबर? ते थोडंसं माझं होतं. माझ्या बोलण्यासाठी उरलं होतं. ते तू खोल्यांबरोबर भाड्याने दिलंस! आणि मी मेली, मीही दिलं. रुसून बसले. रेडिओ नाही म्हणाले. आता बोल. आता तू बोल त्यांच्याशी. आहे का तुझ्याकडे आवाज?”

मुलगा पुढे झाला तसा तिने त्याचा हात झटकला. नर्स म्हणाली, “शहरात चांगले डॉक्टर आहेत, मी घेऊन जाते यांना, बघूया.” ती बिचारी मनापासून म्हणाली. पण म्हणताना तिने नजर वळवली, आणि ते सगळ्यांच्या लक्षात आलं.

नवरा एकेकाच्या तोंडाकडे बघत होता. सगळे बोलतायत, बायको रडतेय, फाटकात न्हावी उभा आहे, हे त्याला दिसत होतं. काय चाललंय ते विचारावं, तर उत्तर ऐकू येणार नाही आणि बिंग फुटेल. म्हणून तो कुणालाच काही विचारत नव्हता. त्याने मान खाली घातली आणि झाकण घासायला घेतलं.

ते पाहून तिचा उरलासुरला संयम सुटला. पत्र्यांच्या ढिगाशेजारी फडक्यात गुंडाळलेली मोगरी पडली होती. तिने ती उचलली. फडकं ओरबाडून फेकलं. आणि तो बसला होता त्याच पेटीवर, त्याच्या मांडीशेजारी, दोन्ही हातांनी हाणली.

धडाम!

सून किंचाळली. नवरा ताडकन उठला. पेटी त्याच्या बुडाखाली हादरली होती, पायांच्या तळव्यांना कळ गेली होती. कितीतरी महिन्यांनी त्याला काहीतरी पोहोचलं होतं. तो वळला. बायकोच्या हातात मोगरी, पेटीच्या झाकणाला पडलेला खळगा. त्याच्या डोळ्यांत भीती उतरली. त्याने समोरच्या खोलीकडे पाहिलं, घाईने तोंडावर बोट ठेवलं, आणि तिच्याजवळ झुकून, आपण कुजबुजतोय अशा समजुतीने, जन्मात कधी बोलला नव्हता इतक्या मोठ्या आवाजात ओरडला,

“अगं हळू! पाहुण्यांना त्रास होईल ना!”

ओढ्यापलीकडे ऐकू गेलं असेल. न्हाव्याने मान फिरवली. नर्सने दोन्ही हात तोंडावर घेतले.

ती मोगरी उगारून तशीच उभी होती. त्याने ती तिच्या हातातून अलगद सोडवून घेतली. खाली पडलेलं फडकं शोधलं, झटकलं, आणि लहान मूल दुपट्यात गुंडाळावं तसं मोगरीभोवती नीट गुंडाळलं. मग गुडघ्यावर बसून, दोन्ही हातांनी, श्वास रोखून, त्याने ती पत्र्यांच्या ढिगावर ठेवली.

मग मान वर करून त्याने तिच्याकडे पाहिलं, आवाज झाला का, ते विचारायला.

तिने मानेनेच सांगितलं, नाही.